शेवंताबाईंची पोती

शकिलाने पोत्याचं तोंड सोडलं आणि हात आत घातला. शेंगदाणे सुटे लागलेच नाहीत. पांढऱ्या जाळीत गुरफटून त्यांचे गोळे झाले होते आणि जाळीत अळ्या वळवळत होत्या. दुसरं पोतं तसंच. तिसरंही. डोक्यावर पतंग भिरभिरत होते.

"किती पोती सोडलीत, शेवंताबाई?"

"यक पन नाय, मॅडम. सगल्यांना लावली पावडर."

शकिलाला ते पटलं नाही. पटणार तरी कसं? पावडर तिच्या कंपनीची, जिवाणूंपासून केलेली. माणसाला तिचा काही अपाय नाही. अळीच्या पोटात गेली, की मात्र अळी खाणं सोडते आणि दोन-चार दिवसांत मरते. चौऱ्याण्णव साली तुर्भ्याच्या बाजारातल्या एका शेठने आपली दोन गोदामं चाचणीसाठी दिली होती. एका गोदामात घणसोली गावच्या शेवंताबाई, दुसऱ्यात दत्तू नावाचा जुना हमाल. काम एकच. येईल त्या प्रत्येक पोत्याच्या तोंडाशी, वीतभर खोलपर्यंत, पावडर कालवायची. पहिल्या वर्षी दोन्हीकडे अळ्या पटापट मेल्या. आता दोन वर्षं होत आली होती. दत्तूकडची पोती शकिलाने सकाळीच उघडून पाहिली होती. मेलेल्या अळ्यांशिवाय त्यांत काही नव्हतं. पावडर तीच, माल तोच. मग राहिलं कोण?

तिच्या सांगण्यावरून शेठने शेवंताबाईंना त्याच दिवशी घरी बसवलं. त्यांनी डोक्याचं फडकं सोडलं, झटकलं, नीट घडी घातली आणि चालू लागल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शकिलाला वाटत राहिलं.

कंपनीच्या साहेबांना अहवालाची घाई होती. बाईने कामात कुचराई केली, पावडर उत्तम आहे, एवढं लिहून दिलं की ते बाजारभर माल विकायला मोकळे. शकिलाने लिहायला घेतलं. वाक्य पुरं होईना. ती उठायची, खिडकीशी जायची, पुन्हा येऊन बसायची. पान वाढलेलं असताना तिला घास घ्यायचं आठवेना, डोळ्यांपुढे ती फडक्याची घडी. तिसऱ्या दिवशी तिने कागद फाडला आणि दोन्ही गोदामांतून जिवंत अळ्या गोळा करायला निघाली. दत्तूकडे त्या हुडकायला अर्धा दिवस गेला.

प्रयोगशाळेत तिने त्या वेगवेगळ्या बरण्यांत ठेवल्या आणि स्वतःच्या हाताने पावडर कालवलेलं खाद्य दिलं. चौथ्या दिवशी दत्तूकडच्या अळ्या मलूल होऊन मरून पडल्या. शेवंताबाईंकडच्या खातच राहिल्या. आपलंच मोजमाप चुकलं असेल म्हणून तिने नवं पाकीट फोडलं, पावडर दुप्पट केली. त्या तेही खाऊन लठ्ठ झाल्या, काचेवर चढल्या, त्यांनी कोश विणले. पंधरवड्याने बरणीवर बांधलेल्या मलमलीखाली पतंग फडफडू लागले.

पावडरीने मरणाऱ्या अळ्या दत्तूच्या गोदामात दोन वर्षं टिकल्या कशा, हे बघायला शकिला तडक त्याच्याकडे गेली. पुढची पोती बाजूला काढ म्हणाली. तो आधी कंबर दुखते म्हणाला, मग निमूटपणे हलवू लागला. मागच्या पोत्यांना पावडरीचा स्पर्शसुद्धा नव्हता. आतले दाणे जाळीने भरलेले होते.

"मागे कोण वाकणार, मॅडम?" दत्तू खाली बघत म्हणाला. "हात पोचला तेवढ्यांनाच लावली. जाळीवाला माल चाळून देत होतो, शेठला कळलं नाही."

शकिला तिथेच एका पोत्यावर बसली. हजारो अळ्यांत एखाददुसरी जन्मतःच अशी असते, की तिला ही पावडर बाधत नाही. दत्तूकडे तसले मूठभर पतंग मागच्या पोत्यांतल्या असंख्य साध्या पतंगांत मिसळले आणि त्यांची पिल्लं साधीच निघाली, पावडर खाऊन मरणारी. शेवंताबाईंनी साधा एकही मागे ठेवला नव्हता. उरले ते न मरणारे. त्यांचे संसार आपापसातच झाले आणि बघता बघता सगळं गोदाम त्यांचं झालं. अंग चोरणाऱ्याकडे पावडर टिकली होती. सांगितलेलं जिने पोत्यागणिक पाळलं, तिच्याकडे ती हरली. आणि तसं करायला सांगितलं होतं शकिलानेच.

तिने अहवालात हे सगळं लिहिलं. साहेब म्हणाले, हे वाचून आपली पावडर घेणार कोण? तिने अहवालाची प्रत शेठच्या हातात दिली आणि घणसोलीची वाट धरली.

शेवंताबाई ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. सुनेला हाक मारून त्यांनी पाणी मागवलं, पण मान वर केली नाही. शकिलाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, आपली चूकही सांगितली. मग पुढचं. गोदाम रिकामं करून उरलेले पतंग मारायला त्यात गॅस सोडायचा, नवा माल भरायचा. पावडर लावायची, पण दर चार पोत्यांमागे एक कोरं, बिनपावडरीचं ठेवायचं, म्हणजे साधे पतंगही उरतील, आणि ते पोतं आधी विकायचं. ते काम त्यांनीच करावं, अशी शकिलाची इच्छा होती. शेठही तयार होता.

शेवंताबाईंचे हात थांबले.

"म्हंजे काम मुद्दाम अर्धा सोरायचा?"

"हो."

त्यांनी निवडलेली सुकट बाजूला सारली.

"यीन मी," त्या म्हणाल्या. "पन तसा कागदावर लिवून द्या, मॅडम. पोती सोराला तुमीच सांगितला म्हनून. आन् खाली सही करा."