साक्षीचा पट्टा

जिप्समचा पट्टा आजही अखंड होता. इन्साफने भेगेवरून बोट वर नेलं, पट्ट्याशी थांबवलं, त्याचा गुळगुळीतपणा चाचपून पाहिला आणि मगच चहाचं आधण ठेवलं.

स्वयंपाकघर आता खरंच ऐसपैस झालं होतं. मधला जाड खांब आणि त्याला धरून उभी असलेली अर्धी भिंत पाडल्यावर फ्रिज निजायच्या खोलीतून एकदाचा आत आला. इंजिनियर बोलावला नव्हता. त्याच्या पैशांत फरश्या बसत होत्या. त्याही तीन रंगांच्या, दुकानात उरलेल्या. संगमरवरी सिंक पाडलेल्या एका घरातलं. त्याच्या कडेला कुणा दुसऱ्या बाईच्या सुरीचे चरे होते.

भेग दिसली तेव्हा गवंडी उस्ता बयूमीने तिच्यावर हा पट्टा आडवा लिंपला होता. "हा आपला साक्षीदार, बाई," तो म्हणाला होता. "हा फुटला नाही, तर भिंत स्थिरावली समजा. फुटला, तर भांडी गोळा करत बसू नका. वरच्या सगळ्यांना हाका मारा आणि रस्त्यावर या."

वर पाच मजले होते. प्रत्येक मजल्यावर एक बिऱ्हाड.

पट्टा फुटला नव्हता. तरी परवापासून स्वयंपाकघराचं दार चौकटीत अडकत होतं. काल निवडून ठेवलेल्या मसुरात आज पुन्हा वाळू निघाली. इन्साफने ताट नवऱ्यापुढे धरलं, तर शिहाता हसला.

"दमट हवेने दारं फुगतात. अलेक्झांड्रियात समुद्र काय काल आला? पट्टा बघ, पट्टा! नाहीतरी हल्ली तू माझ्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघतेस."

तो बंदरावर कामाला निघून गेला. चहा झाल्यावर इन्साफ भट्टीवर रोट्या आणायला निघाली. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, गरम रोट्या पसरून आणायची लाकडी जाळी घरीच राहिली. ती परत फिरली. स्वयंपाकघराचं दार खांद्याने ढकलावं लागलं.

तिची सासू, हाज्जा तफीदा, तिवईवर उभी होती. एका हातात बशी. दुसऱ्या हाताचं बोट पांढरं.

"आई, काय करताय?"

हाज्जा दचकल्यासुद्धा नाहीत. "काही नाही गं पोरी. चीर बुजवतेय."

"कुठली चीर?"

"या पट्ट्यातली. रोज पडते मेली. पहाटेची नमाज झाली की, तू उठायच्या आत, मी हात फिरवून ठेवते. कुणाची तरी नजर लागलीय या स्वयंपाकघराला. दुआ पुटपुटते आणि लिंपते."

इन्साफने चौकटीला हात लावला. चौकट गार होती. "रोज?"

"उस्ता गेला तेव्हापासून. लेकाने एवढ्या हौसेने केलंय सगळं. आणि ती वरची करीमान, फ्रिज बघायला आली की डोळे चौफेर फिरतात तिचे. चीर दिसली असती तर संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली असती." त्यांनी बोट बशीत बुडवलं. "आणि तू. सकाळी उठून आधी इथे बोट लावतेस, मग तुझा चेहरा उजळतो. बरं वाटतं मला."

"आई, किती मोठी चीर असते?"

"आधी केसाएवढी असायची. आता नख शिरतं." हाज्जांनी पट्टा निरखला. "एरवी दिवसभर टिकतो. आज पहिल्यांदाच दुसऱ्यांदा लावावा लागतोय."

इन्साफने आधी गॅसचा मुख्य नळ बंद केला. तिला आपला हात दिसत होता, पण तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. सासऱ्यांच्या वेळेपासून या इमारतीत सगळ्यांची स्वयंपाकघरं मधल्या अरुंद चौकाकडेच उघडत. ती खिडकीशी गेली. वर कुठेतरी खलबत्ता चालला होता. कुणाचं तरी मूल रडत होतं आणि कुणीतरी त्याला गाणं म्हणून दाखवत होतं. तिने मान वर केली. आभाळाचा चौकोन हातरुमालाएवढा.

एवढ्यात वरून कुणा बाईने दचकून श्वास आत ओढल्याचा मोठा आवाज आला.

इन्साफ खिडकीपासून मागे सरली. मग लसणाचा वास आला. करीमान होती. मुलूखियाच्या पातळ भाजीवर लसणाची फोडणी ओतताना बाईने दचकून श्वास आत ओढायचा. तसा ओढला नाही तर भाजी साधत नाही. इन्साफच्या आईने तिला भाजीआधी तो दचकाच शिकवला होता.

हाक मारायला तिने तोंड उघडलं. आवाज आला नाही.

"आई, खाली उतरा," ती कशीबशी पुटपुटली. "चला. बाहेर चला."

"अगं हो, एवढं कडेचं राहिलंय." हाज्जांनी पट्ट्याच्या मधोमध अंगठा दाबला. ओल्या जिप्समवर त्यांच्या म्हाताऱ्या अंगठ्याचा ठसा उमटला, रेघान् रेघ.

दोघींच्या डोळ्यांदेखत तो ठसा मधून उकलला. सावकाश, भाकरी मोडावी तसा.

हाज्जांनी दचकून श्वास आत ओढला. इतका मोठा, की चौकात घुमला.

वर करीमान खळखळून हसली. "ऐकलं हं, हाज्जा! तुमच्याकडेही आज मुलूखियाच ना?"