दिव्याची परीक्षा

थंडी पडायला लागली की दारात सायकल उलटी व्हायची. पहाटे पाचला त्याला बेकरीत पीठ मळायला हजर राहायचं, तेही धुक्यातून, म्हणजे सायकल धडधाकट हवी. चेनला तेल, ब्रेकला नवीन रबर आणि शेवटी दिव्याची परीक्षा. तो उंबऱ्यात उभा राहायचा. बायको मागचा लाल दिवा लावून गल्लीच्या टोकापर्यंत सायकल मारत जायची. सीट त्याच्या मापाची, उंच, म्हणून उभ्यानेच. दिवा दिसला की सायकल पास.

यंदा अर्ध्या तासाच्या कामाला दिवेलागण झाली, तरी तो खपतच होता. स्क्रू पायापाशी पडला होता आणि हा लांबची फरशी चाचपत होता. तिने उचलून हातात दिला.

"डोळे दाखवून या म्हणते कधीची."

"पीठ मळायला डोळे लागत नाहीत. हाताला कळतं सगळं."

"आणि समोरून ट्रक आला तर? तोही हातालाच कळणार?"

"तुझ्या तोंडाला ब्रेक बसवायचा राहिला बघ."

तिला हसू आलं. सायकल घेऊन ती गल्लीच्या टोकाला गेली आणि त्याच्याकडे पाठ करून थांबली. दिव्याचं बटण तिने मुद्दामच दाबलं नव्हतं.

"दिसतोय का हो?"

"दिसतोय की! चांगला लालभडक!"

संसारात त्याने तिला हजार थापा मारल्या होत्या आणि प्रत्येक थाप तिने हसत हसत पकडली होती. ही पकडायला नको होती. तिला रडूच आलं. पदराने डोळे पुसून ती सायकल हातात धरून चालत परत आली आणि दारात उभी राहून तिने बटण दाबलं.

खट्.

त्याचे कान तिखट होते. हात पुसता पुसता तो थांबला.

"आत्ता लावलास?"

"हं."

हातातलं फडकं त्याने खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "पाना दे."

सीटखालचा बोल्ट त्याने बोटांनी शोधून सैल केला. तिला सायकलीशेजारी उभं केलं, तिच्या कमरेला हात लावून माप घेतलं, सीट चार बोटं खाली दाबली आणि बोल्ट आवळला. आतून जुनी चादर आणली, घडी घालून कॅरिअरवर सुतळीने बांधली आणि बसून बघितलं.

"पहाटे चारला उठावं लागेल तुला," तो म्हणाला.

"उठेन. पण उद्या सुट्टी घ्यायची. आधी डोळ्यांचे डॉक्टर."

"ने बाई, कुठे न्यायचं तिथे. मागे बसणाऱ्याने रस्ता विचारायचा नसतो."