भोंग्याची झोप

"मुलगा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी होकार देणार नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी गाडीचं दार ओढून घेतलं.

सिस्टर शेजारी अंग चोरून बसली. साहेब पैसे मंजूर करणाऱ्या समितीचे. प्रयोग तसा साधा होता. व्यसन सोडू पाहणाऱ्यांना दवाखान्यात बोलावलं की ती माणसं टिकत नाहीत, मग आपणच दर आठवड्याला घरी गेलो तर टिकतात का, हे पाहायचं. गोळ्या द्यायच्या, लाळेची तपासणी करायची आणि बसून चार गोष्टी बोलायच्या. बारा जणांतले पाच उरले होते. पुढच्या वर्षाचे पैसे मिळाले नाहीत तर फेऱ्या बंद, आणि फेऱ्या बंद झाल्या तर हे पाचही हातचे जाणार, या धास्तीने सिस्टरची झोप उडाली होती.

प्रयोग चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी साहेबांना सगळ्यात गुणी पेशंट दाखवायचं ठरवलं. भोंग्या. तान्हा असताना रडायला लागला की पलीकडच्या गल्लीतली माणसं जागी व्हायची, म्हणून आईनेच ठेवलेलं नाव. गेल्या कित्येक महिन्यांत त्याची एकही तपासणी खराब आली नव्हती.

सिस्टरला धाकधूक होती ती त्याचमुळे. भोंग्याला तिनेही हिवाळ्यापासून पाहिलं नव्हतं. जुनी संगत सुटावी म्हणून त्याच्या आईने गल्ली सोडून नवी खोली घेतली. त्याला रात्रपाळीचं काम लागलं. तेव्हापासून सिस्टर जाई तेव्हा तो आत झोपलेला. आई तपासणीची पट्टी घेऊन आत जायची आणि ओली करून आणायची. खरं तर पट्टी सिस्टरच्या समोर तोंडात धरायला हवी, पण तिने कानाडोळा केला होता. आता तिला वाटत होतं, पोरगं पुन्हा घसरलंय आणि माउली स्वतःची लाळ देऊन त्याला पाठीशी घालतेय.

वाटेत साहेबांचा फोन वाजला. घरून होता.

"नको, उठवू नकोस त्याला," ते हळू आवाजात म्हणाले. "ताट झाकून ठेव."

सिस्टर खिडकीबाहेर बघत राहिली. ऊन डोक्यावर आलं तरी लोळणारा मुलगा आणि त्याच्यासाठी ताट झाकून ठेवणारी आई. ज्याचं जळतं त्याला कळतं, यांना काय कळणार, असं तिच्या मनात आल्यावाचून राहिलं नाही.

खोलीच्या दाराशी भोंग्याचे बूट होते. पॉलिश केलेले, नाड्या बांधलेले. पूर्वी हाच पोरगा टाचा तुडवून बुटांच्या सपाता करायचा.

"माणूस सुधारला की आधी पायातलं सुधारतं," सिस्टर कौतुकाने म्हणाली. साहेब त्या बुटांकडे पाहत उभे राहिले.

भोंग्याच्या आईने, मावशींनी, दार उघडलं. परका माणूस पाहून त्या जरा थबकल्या, पण लगेच बाजूला झाल्या. भोंग्या झोपलाय, हे त्यांनी ओठांवर बोट ठेवूनच सांगितलं. या घरात सिस्टरलाही कुजबुजायची सवय लागली होती. मावशींनी चहा केला. तीन कप पुढे ठेवले आणि चौथा बशीने झाकला. साहेबांची नजर त्या झाकलेल्या कपावर खिळली.

सिस्टरने नेहमीचं विचारलं. जेवतो का नीट, चिडतो का, काही बोलतो का. मावशींचा चेहरा उजळला. एकेका प्रश्नाला त्या अशा उत्तर देत होत्या की जणू आठवडाभर वाटच पाहत होत्या.

"परवाच म्हणत होता, सिस्टर आली की मला उठव," त्या म्हणाल्या. "माझाच जीव होत नाही."

सिस्टरने गोळ्यांचं पाकीट आणि पट्टी काढली. मावशींनी सवयीने हात पुढे केला, तेवढ्यात साहेब उठले.

"ताई, मी येतो आत."

मावशी आतल्या दारासमोर उभ्या राहिल्या. परक्याची चाहूल लागली की तो दचकतो, म्हणाल्या.

"मी आवाज करणार नाही," साहेब म्हणाले.

दोघं आत गेली आणि दार लोटलं गेलं. सिस्टर एकटी बसून राहिली. मावशींची कुजबुज, मग साहेबांचा एकदा खोकला, मग काहीच नाही. ज्याच्या आवाजाने गल्ली जागी व्हायची, त्याचा हुंकारही नाही. संपलं सगळं, तिने मनाशी धरलं. घसरणं हाही याच आजाराचा भाग असतो, साहेब, एवढं तरी आपण म्हणायचंच, असं तिने ठरवलं.

साहेब बाहेर आले. त्यांनी ओली पट्टी टेबलावर ठेवली. तपासणी स्वच्छ होती.

"भेटलो," ते म्हणाले. "झोपमोड नाही केली. पैसे मिळतील, डॉक्टरांना कळवा. पण या घरची फेरी कधी चुकवायची नाही."

आणि सिस्टरसाठी न थांबता ते जिना उतरून गेले.

सिस्टरला भरून आलं. या आईवर आपण संशय घेतला, याची तिला लाज वाटली. पोराच्या डोक्यावरून एकदा हात फिरवावा म्हणून ती आतल्या दाराशी गेली. मावशींनी आज तिला अडवलं नाही.

आत रिकामी खाट होती. गादीसुद्धा नव्हती. फळ्यांवर गोळ्यांची पाकिटं ओळीने मांडली होती. एकही फोडलेलं नव्हतं, आणि आजचं शेवटी होतं.

"हिवाळ्यातच गेला गं," मावशी मागून म्हणाल्या. "तू येतेस, त्याचं नाव घेतेस, म्हणून माझ्या तोंडून निघेना. साहेबांना सगळं सांगितलं. आणि पट्टी तोंडात धरायला गेले, तर त्यांनी हातातून काढून घेतली. म्हणाले, दर वेळी तुम्हीच का, आज मी धरतो. तीन वर्षं झाली, आमचाही उठलेला नाही."