बाकावरच्या बाई

"तुम्ही आत गेल्याशिवाय निकाल लागायचा नाही, बाई. बसा निवांत," असं म्हणत शिपायाने बाक पुसला, आणि आजीबाई टेकल्या.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मुलीने ते ऐकलं नि ती सावरून बसली. म्हणजे ह्याच त्या. कॉलेजातल्या ताईने बजावलंच होतं, "शिष्यवृत्तीचे पैसे देणाऱ्या बाई स्वतः येतात. आधी बाहेर बसून पोरांची पारख करतात, मग आत जातात. जपून बोल."

ऐकणारे कान आणखीही होते. समोरच्या खुर्चीतला टायवाला टुणकन उठला आणि चहा घेऊन आला.

"साखर कमी घालायला सांगितलीय, आजी."

"का? मला मधुमेह झाल्याचं मलाच कळलं नाही आणि तुला कळलं?"

टायवाला ओशाळला. खुशामत ही अशीच, करायला गेलं की तोंडावर आपटते. तेवढ्यात त्याला आतून बोलावणं आलं म्हणून सुटला बिचारा.

शिष्यवृत्ती एकच होती. भूगर्भशास्त्रात पुढचं संशोधन करणाऱ्या एकालाच मिळायची. मुलीला नाही मिळाली, तर एक तारखेपासून ती सिमेंटच्या कारखान्यात चुनखडी तपासत बसणार होती. वडिलांनी जागा बघून ठेवली होती. नोकरीत वाईट काही नव्हतं. पण जमिनीखाली गाडलेली जुनी नदी शोधायचं तिचं काम पुन्हा मातीत गेलं असतं.

ती ओठ हलवत पाठ केलेलं उत्तर घोकू लागली.

आजीबाईंनी बाकाखाली पिशवी सरकवली. आत खण्णकन वाजलं. डबा जड दिसतोय, मुलीच्या मनात आलं. बाईंच्या पायात जाड तळव्यांचे बूट होते, अंगावर शाल, आणि गळ्यात दोरीला अडकवलेलं छोटंसं भिंग. ह्या वयात वाचायला लागतंच म्हणा.

"काय गं पुटपुटतेस? जप चाललाय?"

"नाही, आजी. उत्तर पाठ करतेय. माझ्या हरवलेल्या नदीचं."

"पाठांतर पोपटाला शोभतं. त्याला पेरू तरी मिळतो. आत काय काय विचारतात गं?"

मुलीने मनात म्हटलं, झाली परीक्षा सुरू. "हाच विषय का घेतला ते विचारतात. नमुने बघतात. आणि काम अर्धवट सोडणार नाही ना, हे खोदून खोदून विचारतात."

"आणि ही नाही मिळाली तर? दुसरीकडे कुठे मिळतं काही?"

इथे खोटं बोलून भागणार नव्हतं. मुलीने सगळं सांगून टाकलं. भूगर्भतज्ज्ञांची संघटना दरवर्षी फिरतीचा खर्च देते. संग्रहालयाकडून नमुने तपासायला मदत मिळते. पाणीखात्याची एक आहे, पण तिची जाहिरात कुणाला दिसू नये अशा कोपऱ्यात लावतात. बायकांसाठी एक वेगळी आहे, तिला वयाची अट नाही.

"काय नाही?"

"वयाची अट."

"पुन्हा सांग. कुठे चौकशी करायची?"

मुलीने पुन्हा सांगितलं. आजीबाई बोटांच्या पेरांवर एकेक घोळवत राहिल्या.

"तुमच्या घरी कुणी शिकतंय का हे, आजी?"

"शिकतंय की. एकच जण. मुलं, सुना, सगळे सांगून दमले, दगड वेचायचं हे वय आहे का? पण डोकंच दगडाचं, ऐकतंय कोण!"

नातवंड असणार एखादं हट्टी. मुलगी हसली. तिची भीती थोडी उतरली.

"आता तू सांग. नदी हरवली म्हणजे नेमकं काय झालं?"

"आमच्या मागच्या अंगणात विहीर खणत होते. मी लहान होते. खालून वाळू आली, आणि वाळूत शंख. नदीतले. आई म्हणाली, कुणीतरी टाकले असतील. मी म्हटलं, एवढ्या खोल कोण कशाला टाकेल? तेव्हापासून तिला शोधतेय."

तिने डबीतली चिमूटभर माती पुढे केली. आजीबाईंनी ती बोटांत चोळली, कणभर दाताखाली धरली आणि थुंकली.

"कचकचतेय. नुसता चिखल नाही हा," त्या म्हणाल्या. "आत गेलीस की हेच सांग. विहीर, शंख, आई. पोपट इथेच बाकावर ठेवून जा."

टायवाला कपाळ पुसत बाहेर आला, आजीबाईंना वाकून नमस्कार करून निघून गेला. मुलगी आत गेली.

ती परतली तेव्हा तिचा चेहरा धुऊन काढल्यासारखा लख्ख होता. "त्यांनी शंख हातात घेऊन पाहिले, आजी! घड्याळाकडे बघणंसुद्धा विसरले." तिने आजीबाईंचे दोन्ही हात धरले. बोटं राठ होती, नखांच्या कडांना वाळलेली माती. "निकाल काय लागायचा तो लागो. तुम्ही विचारलं नसतंत, तर मी आत त त प प करत बसले असते. तुमचे उपकार विसरायची नाही."

"उपकार कसले? फेडायचे तर मला आहेत. लेकीसारखी बसून सगळं सांगितलंस. आपल्याला सापडलेली वाट दुसऱ्याला कोण दाखवतं हल्ली?"

मुलीचे डोळे भरून आले. एवढी मोठी बाई, पण गर्व म्हणून नाही.

दार उघडलं. शिपाई बाहेर डोकावला.

"शेवटचा उमेदवार!"

मुलीने व्हरांड्यात इकडेतिकडे पाहिलं. कुणीच उरलं नव्हतं.

"आले रे बाबा," आजीबाईंनी बाकाखालची पिशवी ओढली, गळ्यातलं भिंग शालीच्या टोकाने पुसलं आणि मुलीच्या कानाशी वाकून हळूच विचारलं, "आधी नमस्कार करायचा गं, की आधी दगड दाखवायचे?"