हात लागलेली गाडी

"पितांबर मिस्तरीचा हात लागलेली गाडी आधी वर पोचली, तर ही माझी जीप तुझी," नवल मेहुण्याला म्हणाला. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा त्याचा जुना स्वभाव. पण या वेळी ओट्यावर सासूबाई बसल्या होत्या, आणि झुंबरबाईंच्या कानावर पडलेला शब्द त्या घरात आजवर कोणी मागे घेतलेला नव्हता.

"अहो, जिपेवर कशाला पैज?" दिपमाला हळूच म्हणाली. बायकोचं ऐकायला नवलला अजून दहा-बारा वर्षं लागणार होती.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस. नवल जळगावजवळच्या असोद्याचा, केळीवाला, सासुरवाडी धुळ्याची. घरामागे मुरमाची उभी टेकडी. दर आखाजीला जेवणाआधी जावई आणि मेहुणा आपापल्या जुन्या जिपा तिच्यावर चढवत. गेली दोन वर्षं मेहुणा भूषण जिंकला होता, आणि हरलेल्या जावयाला सांजोरी गोड लागत नाही. यंदा दोघांनीही नवी इंजिनं बसवली होती. या इंजिनांना डोकं लागतं. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे सांगणारा डब्यातला कॉम्प्युटर.

त्यासाठी दोघेही जळगावच्या पितांबर मिस्तरीकडे गेले होते, वेगवेगळ्या दिवशी. मिस्तरीने दोघांनाही एकच सांगितलं. कोरा कॉम्प्युटर आणा, गाडी आठ दिवस माझ्याकडे ठेवा, मी तिच्याजवळ बसून एकेक आकडा भरतो. भूषण गाडी ठेवून आला. नवलने मिस्तरीकडे नीट पाहिलं. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. लॅपटॉपवर ग्रीसचा डबा. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून, मूठ कानाला लावून हा माणूस डोळे मिटून मान हलवत होता. ज्या जिपेतून नवलने दिपमालेला लग्नानंतर घरी आणलं, ज्या जिपेला तो आंघोळीआधी आंघोळ घालायचा, ती या माणसाच्या हाती द्यायची?

"मिस्तरी, हे अंदाजपंचे काम आपल्याला नको," तो म्हणाला आणि जीप घेऊन निघून आला.

मग त्याने पुण्याच्या एका दुकानातून प्रोग्रॅम आधीच भरलेला कॉम्प्युटर मागवला. फॉर्मवर इंजिनाचा नंबर लिहिला आणि पंधरा दिवसांत डबा आला. वर सगळी परदेशी अक्षरं. जोडा आणि चालवा. नवलने जोडला आणि चालवला. जीप अशी गुरगुरली की गोठ्यातली म्हैस दोन वेळा दूध द्यायची विसरली. तेव्हापासून असोद्यात जो भेटेल त्याला नवल एकच सांगत सुटला, की साहेबाच्या पोराने भरलेला प्रोग्रॅम तो प्रोग्रॅम, आपल्याकडच्या मिस्तऱ्यांनी बैलगाडीला वंगण लावावं.

भूषणने पैज कबूल केली. आपण हरलो तर वर्षभर दाजींची जीप धुवायला असोद्याला येऊ, असं तो म्हणाला. झुंबरबाईंनी पदर हलवला आणि गाड्या सुटल्या.

अर्ध्या टेकडीपर्यंत दोघे चाकाला चाक लावून होते. मग वरच्या वळणावर मुरूम निसटला, भूषणची गाडी क्षणभर तिथेच खरडली, आणि नवल पुढे निघून गेला. वर पोचल्यावर त्याने इतका वेळ हॉर्न वाजवला की शेजारचे लोक वरात आली म्हणून बाहेर आले. त्याचे डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगा.

खाली आल्यावर तेवढ्यावर थांबला असता तर तो नवल कसला. "भूषण, तुझा लॅपटॉप आण," तो म्हणाला. "परदेशी प्रोग्रॅम आतून कसा दिसतो ते सगळ्या बठ्ठ्यांना दाखवतो." डब्यासोबत आलेली वायर त्याने स्वतः जोडली, आणि लॅपटॉप सासूबाईंसमोर ओट्यावर ठेवला.

पडद्यावर आकडेच आकडे उघडले. अगदी खाली नोंदीचा चौकोन होता. त्यातली अक्षरं मात्र परदेशी नव्हती. झुंबरबाईंनी चष्मा चढवला आणि एकेक शब्द मोठ्याने वाचला.

"पितांबर मिस्तरी, जळगाव. बठ्ठं बरोबर शे. हात नको लावू."

भूषणने मिस्तरीला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"हा, पुनाना दुकानले प्रोग्रॅम मीच भरी देस," पितांबर मिस्तरी पलीकडून शांतपणे म्हणाला. "नवलभाऊना इंजिनना नंबर दखताच वळखी लिधं व्हतं. पन गिऱ्हाईकनं मन कसाले मोडानं?"

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. मिस्तरी बिचारा पिकवत होता जळगावात, विकत होता पुण्यात, आणि नवलने ते दुप्पट वाटेने परत जिल्ह्यात आणलं होतं. तरी जिंकलो तर आपणच, असं मनाशी म्हणत नवलने जिपेच्या बॉनेटवर हात ठेवला.

झुंबरबाई चष्मा काढून पुसत होत्या.

"म्हंजे पितांबरना हातनीच गाडी पहिली उनी ना?" त्यांनी विचारलं.

नवलने दिपमालेकडे पाहिलं. तिने आकाशाकडे पाहिलं.

"मंग जवाईबापू," झुंबरबाई उठत म्हणाल्या, "भूषणले किल्ली दी द्या, आनि जेवाले चला."