काचेआडचा नकाशा

विद्यापीठाच्या फाटकाशी माझ्या बायकोने केलेला नकाशा लावला. अंध मुलांना तो बोटांनी वाचता यावा, वाट कुणाला विचारावी लागू नये, म्हणून शेवटच्या आजारातही ती त्यावर ब्रेलचे ठिपके बसवत होती.

अनावरण झाल्यावर यंदाच दाखल झालेली एक अंध मुलगी पुढे आली. तिने हात फिरवला.

"काका, हे तर गुळगुळीत आहे."

नकाशावर काच होती, काचेला हार.

"मॅडमची आठवण आहे," कुलसचिव म्हणाले. "रोज हात लागले तर खराब होईल."

"हात लावायलाच केलाय तो," मी म्हणालो.

"उघडू ना, दरवर्षी पुण्यतिथीला."

मुलगी अजून तिथेच होती. "काका, ग्रंथालय कुठल्या बाजूला?"

मी काचेतून पाहिलं. ठिपके सगळे दिसत होते. वाचता एकही येत नव्हता.