प्रवचनात विझणारी शेगडी

या, जरा जवळ सरका; डोंगरातल्या आमच्या चर्चची गोष्ट सांगते.

फादर एवारिस्तो प्रवचन करायचे ते गात-गात, अगदी रंगून. पण लाकूडभुशाच्या गोळ्यांवर चालणारी शेगडी दर रविवारी मध्येच बंद पडायची आणि थंडीनं त्यांना आवरतं घ्यावं लागायचं.

कारागीर तार्चिझिओनं राख काढली, धुरांडं झाडलं. "शेगडी ठणठणीत आहे, फादर."

"मग रविवारी तिच्याशेजारी येऊन बस, बाबा. सैतानाचा खेळ तुझ्या डोळ्यांनी बघ!"

तो बसला. शेगडी धगधगत राहिली, प्रवचन तासावर गेलं, घरोघरी जेवणाची पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचं पिठलं, निवत चालली. तेवढ्यात मागच्या बाकावरून गावातल्या नोरीनाआजी त्याच्या कानाशी लागल्या,

"मेल्या, माझ्या जागेवर बसलायस, तर निदान शेगडी बंद करायची कळ तरी दाब! आणि प्रार्थनेत या म्हातारीची आठवण ठेव."